मिरजेची जवारी

हत्यारांना धार लावणाऱ्या हातांनी तानपुऱ्याची घोडी घासावी, यात वरवर पाहणाऱ्याला काही विसंगती वाटेल; परंतु मिरजेचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास जरा जवळून न्याहाळला, तर तीत एक सरळ कार्यकारणभाव दिसू लागतो. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत मिरजेचा किल्ला आणि त्याखालचा मुलूख फौजेच्या खर्चासाठी गोविंद हरी पटवर्धनांच्या सरंजामात आला, आणि तेव्हापासून कर्नाटकाच्या वाटेवरचे हे गाव पटवर्धनी फौजेचे ठाणे बनले. जेथे फौज तेथे शिलेखाना, आणि जेथे शिलेखाना तेथे लोहार, जीनगर आणि शिकलगार ही मंडळी ओघानेच आली. तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती घासून त्यांस झिलई आणि धार देणे हा शिकलगारांचा पिढीजात हुन्नर. मोहिमा चालू होत्या तोवर या हुन्नराला ददात नव्हती; पण 1818 साली पेशवाई बुडाली, 1820 साली मिरज संस्थानाच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या, आणि ज्या फौजेच्या नावाने सरंजाम मिळाला होता ती फौजच कंपनी सरकारच्या अमलाखाली शोभेची वस्तू होऊन बसली. दसऱ्याला पूजेपुरत्या बाहेर निघणाऱ्या तलवारींवर किती घरे जगणार?

मिरजेतील परंपरा असे सांगते, की 1850 च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्य घडविण्यास आरंभ केला, आणि येथील सतारमेकर म्हणून ओळखली जाणारी घराणी आपली वंशावळ त्यांच्यापाशी नेऊन पोहोचवितात. दरबारी आलेल्या गवयांची वाद्ये प्रवासात मोडली-फुटली, तेव्हा ती दुरुस्त करण्यासाठी गावात सर्वांत नाजूक हात कोणाचा याचा शोध झाला आणि तो शिकलगारांच्या आळीत येऊन थांबला, अशीही एक हकीकत सांगतात. तिच्या तपशिलांवर मी फार भिस्त ठेवीत नाही. परंतु तिच्यातील क्रम मला खरा वाटतो. नवे वाद्य घडविण्याआधी जुने वाद्य उघडावे, त्याच्या पोटात काय आहे ते पाहावे, आणि दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करता करता आपली विद्या जमवावी, याच रीतीने कित्येक धंदे जन्माला आले आहेत. एका रात्रीत कोणी तलवार टाकून सतार हाती घेतली असेल असेही मानण्याचे कारण नाही. एकाच घरात थोरला भाऊ कट्यार घाशीत आहे आणि धाकटा खुंटी बसवीत आहे, असे चित्र निदान एक पिढीभर तरी दिसत असावे.

वाद्याचे इतर अंग उभे करण्यास लागणारी सामग्री मिरजेच्या टापूत सहज मिळण्यासारखी होती. मोठाले कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भीमाकाठच्या शेतांतून येत, आणि आजही येतात; शेतकरी ते वेलावर पुरते जून होऊ देतो, मग उन्हात वाळवितो, आणि कारागीर त्यांस पाण्यात भिजवून, कापून, आतून काटक्यांचा ताण देऊन हवा तो आकार आणतो. दांडीला आणि भोपळ्यावरच्या तबलीला तुणीचे लाकूड. हे सारे सुतारकाम आणि नक्षीकाम खरोखरच देखणे आहे. पण मिरजेची कीर्ती भोपळ्याने झालेली नाही आणि पानवेलींच्या नक्षीनेही नाही. ती झाली आहे दोन बोटांहून थोड्या अधिक रुंदीच्या एका पृष्ठभागामुळे, म्हणजे घोडीच्या पाठीमुळे, जिच्यावरून तारा जातात.

व्हायोलिनच्या किंवा गिटारच्या घोडीवर तार एका धारदार कडेवरून उतरते. तिचा कंपणारा भाग कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे तेथे बोट ठेवून दाखविता येते. तानपुऱ्याच्या घोडीचे तसे नाही. तिची पाठ रुंद असते, आणि समोरच्या बाजूस ती इतक्या मंद वक्रतेने उतरते की डोळ्यांना ती सपाटच भासावी. तार त्या पाठीवरून स्पर्शरेषेसारखी सुटते. छेडली की खाली येताना उताराला किंचित लगटते, वर जाताना सुटते, आणि या क्षणोक्षणीच्या स्पर्शातून मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वयंभू स्वर झणझणत बाहेर पडू लागतात. त्या झंकाराला जवारी म्हणतात, आणि तो झंकार उठावा म्हणून घोडीला जो उतार द्यावा लागतो त्या कामास जवारी काढणे.

हे काम करताना कारागिराला पाहावे. घोडीची पाठ तो आधी कानशीने सरळ करून घेतो, जुन्या तारांनी पाडलेल्या खाचा पुऱ्या निघेपर्यंत. मग पाठीवर बारीक पॉलिश पेपर फिरवितो, आणि प्रत्येक दोन-चार हातांनंतर घोडी तबलीवर ठेवून तार चढवितो, ती स्वरात आणतो, आणि ऐकतो. आवाज लाकडासारखा कोरडा आला तर उतार जमलेला नाही. तार नुसतीच फरफरली, तर तो कोठेतरी चुकला आहे किंवा मध्ये पोकळी राहिली आहे. तार उतरवायची, पुन्हा दोन हात, पुन्हा चढवायची. सुतारकामात सुताचा हिशेब पुरतो. येथे सुताच्या शंभराव्या भागाचीही बात मोठी, आणि चुकून एक हात जास्त पडला तर सगळी पाठ पुन्हा खाली घ्यावी लागते, कारण काढलेला कण परत चिकटविता येत नाही. पाठीचा उतार जमल्यावर तारेखाली सुताचा किंवा रेशमाचा बारीक दोरा सरकवितात. तो केसभर पुढे नेला तर आवाज मिटतो, केसभर मागे घेतला तर फुटतो. या दोहोंच्या मध्ये एक जागा अशी सापडते, की तेथे तार एकाएकी उघडते आणि सबंध भोपळा बोलू लागतो. चारही तारांची ती जागा निराळी असते. पोलादी जोडाची एक, तर पितळी खर्जाची दुसरी.

तलवारीच्या पात्यावर बोटाच्या पेराने न दिसणारा उंचसखलपणा शोधणाऱ्या माणसाला हे काम परके वाटले नसावे. शिकलगार धार लावतो तेव्हा तोही दोन पृष्ठभागांचा संगम इतका हलकेच घडवीत असतो की प्रकाशातच त्याची परीक्षा व्हावी. फरक इतकाच, की आता परीक्षा कानाने होऊ लागली. आणि हा कान त्या घराण्यांनी कोठून मिळविला, हा या कहाणीतील खरा प्रश्न आहे.

घोडीच्या या उताराचे मर्म पदार्थविज्ञानाने फार उशिरा ओळखले. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली तानपुरा आणि वीणा यांच्यावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. युरोपात मान्य असलेल्या नियमाप्रमाणे, ज्या बिंदूवर तार छेडावी त्या बिंदूशी ज्या वरच्या स्वरांचे स्थिरस्थान पडते ते स्वर त्या आवाजात उमटू नयेत. तानपुऱ्यात ते स्पष्ट उमटतात, हे रामन यांनी दाखविले आणि त्याचे कारण घोडीच्या वक्र पाठीत आणि तिच्यावरील दोऱ्यात आहे असे सांगितले. ज्या गोष्टीचा उलगडा कलकत्त्यात प्रयोगशाळेत होत होता, ती मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तोवर दोन-तीन पिढ्या कानशीने घडत होती. येथे कोणी कोणाला मागे टाकले असे मला सुचवायचे नाही. रामन यांना हवे होते कारण, आणि गल्लीला हवा होता गवयाचा होकार.

तानपुऱ्यात तारेवर बोट दाबायचे नसते, म्हणून तारांच्या उंचीचा प्रश्न घोडीपुरताच राहतो. सतारीत तो दांडीभर पसरतो. बाजाची तार पडद्यांपासून फार वर राहिली तर बोट थकते, आणि दाबताना तार अधिक ताणली जाऊन स्वर चढतो. फार खाली आली तर मींड ओढताना ती शेजारच्या पडद्याला घासते. शिवाय सतारीची घोडीही रुंद आणि उतरती असल्यामुळे, डाव्या हाताने तार जसजशी आखूड करीत जावे तसतसा तिचा घोडीशी होणारा स्पर्श बदलत जातो. खालच्या षड्जावर जवारी खुली आणि तारसप्तकात मात्र आवाज बोथट, असे वाद्य जाणकार परत करतो. म्हणून सतारीची जवारी काढणारा एकच स्वर ऐकून थांबत नाही. तो प्रत्येक पडद्यावर तार दाबून पाहतो, आणि उंची, उतार व पडद्यांची जागा या तिहींचा मेळ एकाच वेळी साधीत जातो.

हीच अडचण गिटार घडविणाऱ्यांपुढेही आहे, पण तिचा निकाल त्यांनी निराळ्या ठिकाणी लावला. गिटारचे पडदे लाकडात ठोकून बसविलेले. ते हलवायचे नाहीत. मग तार दाबल्याने चढणारा स्वर सावरायचा, तर तारेची लांबीच पलीकडच्या टोकाला किंचित वाढवावी लागते. म्हणून घोडीवरची हाडाची पट्टी तिरकी बसवितात, जाड तारेच्या बाजूस थोडी मागे. आणि बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर व तीच तार तेथे दाबून निघणारा स्वर हे दोन्ही एकच येतात की नाही, यावरून काम ठीक झाले असे ठरवितात. पोलादी तारांच्या गिटारवर बाराव्या पडद्यापाशी तार दोन-अडीच मिलिमीटर उंच ठेवण्याचा प्रघात आहे. ती उंची बदलली की तो सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. युरोपातील पडदे पूर्वापार असेच ठोकलेले होते असे मात्र समजू नये. तेथील ल्यूट आणि जुनी गिटार यांच्या दांड्यांवर आतड्याच्या तातीचे पडदे बांधलेले असत, आणि वादक ते सरकवीत असे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेंझो गॅलिली यांनी 1581 साली पडद्यांच्या अंतरांसाठी अठरास सतरा असे प्रमाण ग्रंथात नमूद केले, पुढे समान बारा भागांच्या स्वरांतरांची चलती झाली, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या संधीवर पडदे लाकडात कायमचे रुजले. मिरजेची सतार त्या वाटेने गेली नाही. तिचे पडदे दोऱ्याने दांडीला बांधलेले राहिले. राग बदलला की वादक गांधार किंवा धैवत जरा वर-खाली सरकवितो, आणि तार दाबल्याने चढलेला स्वरही त्याच सरकविण्यात सामावून घेतो. घोडीकडे मग एकच काम उरते, आवाज उघडण्याचे.

पडदा सरकविता येतो म्हटले, की तो कोठवर सरकवावा हे सांगणारा कोणी लागतो. मिरजेला असे सांगणारे भरपूर मिळाले. संस्थानिक बाळासाहेब पटवर्धनांच्या दरबारी गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते; कुरुंदवाडचा, दृष्टी अधू झालेला विष्णु दिगंबर पलुसकर हा मुलगा संस्थानच्या आश्रयाने त्यांच्याजवळ शिकला आणि 1896 साली मिरज सोडून पुढे लाहोरास 1901 मध्ये गांधर्व महाविद्यालयाची स्थापना करता झाला. विनायकबुवा पटवर्धन 1898 साली आणि हिराबाई बडोदेकर 1905 साली मिरजेतच जन्मले. त्याच 1905 साली बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेच्या वेषाने रंगभूमीवर प्रथम पाऊल टाकले तेही मिरजेत. पण कारागिरांच्या दृष्टीने या सर्वांहून मोठा माणूस म्हणजे कैराण्याहून आलेले अब्दुल करीम खाँ. मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा जडली आणि मिरज हेच त्यांचे गाव झाले. 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना प्रवासात ते निवर्तले, तेव्हा त्यांचा देह त्याच दर्ग्याच्या आवारात आणून दफन करण्यात आला, आणि तेथे दरवर्षी उरुसात गाणाऱ्यांची हजेरी लागते. खाँसाहेबांना वाद्ये दुरुस्त करण्याचा नुसता शौकच नव्हता, तर त्यात गती होती. तानपुऱ्याची जवारी ते स्वतः लावीत. ज्या गवयाच्या स्वतःच्या हातात कानस आहे त्याच्यापुढे कारागिराला थापा मारता येत नाहीत. वाद्य चांगले आहे असे मोघम सांगणाऱ्या दहा गिऱ्हाइकांपेक्षा, या तारेचा गांधार बुजलेला आहे आणि त्याचे कारण घोडीच्या अमुक कोपऱ्यात आहे असे बजावणारे एक गिऱ्हाईक धंद्याला अधिक शिकविते, आणि मिरजेच्या गल्लीला असे गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर मिळाले.

हा गांधार म्हणजे काय, हेही येथे सांगितले पाहिजे. खर्जाची तार नीट उघडली असेल तर तिच्यातून कोणी न छेडलेला अंतर गांधार आपोआप उमटतो. तारेचा तो पाचवा स्वयंभू स्वर. स्वरांतर मोजण्याच्या सेंट या मापाने षड्जापासून तो 386 वर पडतो, आणि हार्मोनियमच्या पट्टीवरचा गांधार मात्र 400 वर. चौदा सेंटांचा हा फरक कागदावर क्षुल्लक आहे. जवारीदार तानपुऱ्यासमोर बाजाची पेटी उघडली की तो कानाला टोचतो.

याच फरकापोटी मिरजेच्या शेजारी एक मोठा उद्योग आरंभला गेला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी ताणलेल्या तारेच्या लांबीवरून बावीस श्रुतींची गणिती स्थाने ठरविण्याचा ध्यास घेतला, अब्दुल करीम खाँच्या गळ्याचे साहाय्य त्यासाठी घेतले, आणि 1910 साली इंग्रजीत आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. साताऱ्यास न्यायाधीश असलेल्या ई. क्लेमेंट्स या सिव्हिलियन साहेबाला त्यांचे म्हणणे पटले. त्यानेही 1913 साली ग्रंथ लिहिला, आणि बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार करविली. 1916 च्या बडोदे संगीत परिषदेत तिच्यावर बराच खल झाला, आणि अखेरीस ती प्रचारात काही आली नाही. महसुली दप्तरे सांभाळलेल्या गृहस्थाने आणि न्यायासनावरच्या साहेबाने स्वरांचीही सरहद्द-मोजणी करावी, हे त्या काळाला धरूनच होते, आणि देवलांच्या परिश्रमांची थट्टा करणे मला अशोभनीय वाटते. त्यांच्यामुळे निदान एवढे तरी झाले, की समान बारा भागांची पेटी आपल्या गायनाला जुळत नाही ही गोष्ट आकड्यांनिशी मांडली गेली. पुढे 1940 साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली, त्यामागेही इतर कारणांबरोबर हा युक्तिवाद होताच. परंतु देवलांना जे आकड्यांत पकडून कायम करावयाचे होते, ते खाँसाहेब प्रत्येक मैफलीपूर्वी दोऱ्याने नव्याने शोधीत होते, आणि माझ्या मते सतारमेकरांना दुसरी रीत अधिक जवळची वाटली यात नवल नाही. कायम केलेल्या श्रुतीचे कारागिराला काय करायचे, जेव्हा पावसाळ्याचे पहिले ढग येताच तबली दमट होऊन किंचित वर-खाली होते आणि महिनाभरापूर्वी खुललेली जवारी बंद पडते?

संस्थान 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. दरबारी आश्रय गेला तरी धंदा तगला, कारण तोवर त्याचा खरा आधार दरबाराकडून मुंबई-पुण्याच्या गायकांकडे आणि संगीत विद्यालयांकडे सरकला होता, आणि मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने भोपळ्याचे नाजूक ओझे सांभाळून नेणेही शक्य होते. वाद्यांबरोबर माणसेही प्रवास करू लागली. पुण्यास 1953 साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचेच शिष्य, आणि या महोत्सवाच्या दिवसांत तानपुरे लावून देणारे मिरजेचे कारागीर पडद्यामागे बसलेले आढळतात. एका मैफलीचा षड्ज काळी एकचा, पुढच्या मैफलीचा पांढरी पाचचा. तार बदलते, ताण बदलतो, दोऱ्याची जागा बदलते, आणि गायक मंचावर येण्यापूर्वी मिळालेल्या थोड्या वेळात हे सर्व उरकावे लागते. 1980 च्या आसपास विजेवर चालणारा तानपुरा निघाला तेव्हा रियाजापुरता मोठा भोपळा अनेक घरांतून हद्दपार झाला. मंचावरून त्याला हलविणे मात्र अद्याप कोणाला जमलेले नाही. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद गल्लीला झाला असेलच.

सध्याची विवंचना निराळी आहे, आणि ती घोडीच्या पदार्थाची आहे. पूर्वी उत्तम घोडी सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी दोन्हींचा व्यापार बंद केला, आणि तो बंद व्हायलाच हवा होता. आता उंटाचे हाड, आबनूस किंवा कारखान्यातील कृत्रिम पदार्थ यांवर भागवावे लागते. आबनुसावर आवाज मृदू येतो, पण पोलादी तार त्यात लवकर खाच पाडते. हाडावर तो तेजस्वी येतो. कृत्रिम पदार्थ सर्वांत अधिक टिकतो, म्हणून दूर राहणारी गिऱ्हाइके तोच मागतात. शिंगावर शिकलेल्या हाताला यांतील प्रत्येकाचा उतार नव्याने बसवावा लागतो, कारण जे दोन हात शिंगावर पुरत तेच हाडावर कमी पडतात आणि आबनुसावर जास्त होतात. घोडी टपालाने पाठविता येते, ओबडधोबड उतारही आधी देऊन ठेवता येतो. परंतु तिची बैठक त्याच तबलीवर आणि त्याच तारांच्या ताणाखाली ठरत असल्याने शेवटचा हात वाद्य समोर असतानाच फिरवावा लागतो. त्यामुळे परदेशी असलेले सतारिये सुटीत मायदेशी येताना वाद्य बरोबर घेऊन मिरजेला दोन दिवस मुक्काम ठेवतात, नाहीतर गल्लीतील कोणी तिकडे येण्याची वाट पाहतात.